महालातली बाई कोण होती?

मागच्या वेळी आपण गटाचं दप्तर कसं लिहायचं ते बोललो. आज आपण भुताबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आमच्या गावात भुतामुळे दीड क्विंटल मसाल्याची ऑर्डर अडली होती, त्यामुळे आमच्यासाठी हा विषय दप्तराइतकाच कामाचा आहे.

झालं असं, की आमच्या तीन गटांनी मिळून मसाल्याचं काम सुरू केलं. कांडप यंत्र घेतलं, त्याला जागा हवी होती. गावात एक जुना वाडा आहे. मालक पुण्याला स्थायिक झालेले, वाडा कित्येक वर्षं बंद. त्यांनी पुढची ओसरी आणि रस्त्याकडच्या दोन खोल्या थोड्या भाड्यात दिल्या. आम्ही साफसफाई केली, चुना मारला, लाइट घेतली. आमच्या बऱ्याच जणी दिवसा रानात मजुरीला जातात, म्हणून काम संध्याकाळी सहा ते नऊ. पहिले दोन महिने सगळं ठीक चाललं. मग दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी कुणाला तरी आतल्या माजघरातून बांगड्यांचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी आणखी एकीला पांढरं लुगडं दिसलं. चौथ्या दिवशी पंधरापैकी सहाच जणी आल्या. गावात जुनं बोलणं होतंच, की त्या वाड्यात 'धाकट्या वहिनीसाहेब' फिरतात.

पुढच्या बैठकीत प्रस्ताव आला, की देवऋषीला बोलवू, उतारा टाकू, वाडा बांधून घेऊ. खर्च पाच हजार, तो गटाच्या बचतीतून. आता बचत म्हणजे कुणाची? दर महिन्याला शंभर शंभर रुपये टाकणाऱ्या बायांची. आम्ही सहयोगिनी म्हणून सरळ नाही म्हणू शकलो असतो. पण ज्यांना भीती वाटत होती त्यांची भीती खोटी नव्हती. 'असलं काही नसतं' म्हणून भीती जात नाही. आम्ही म्हटलं, पैशाचा निर्णय पुढच्या बैठकीत घेऊ. तोवर सगळ्या मिळून एक भुताचा सिनेमा बघू.

तो सिनेमा म्हणजे 'महल'. १९४९ सालचा, काळा-पांढरा, हिंदी. आमच्यापैकी एकीच्या आईला तो फार आवडायचा, म्हणून नाव माहीत होतं. आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे सिनेमा प्रदर्शित होऊन साठ वर्षं उलटली की त्याचा हक्क सगळ्यांचा होतो, त्यामुळे तो दाखवायला कुणाची परवानगी लागली नाही. मोबाइल टीव्हीला जोडला, ग्रामसंघाच्या खोलीत सतरंज्या टाकल्या, शेंगा भाजल्या आणि बघितला. त्यानंतर आम्ही त्या सिनेमाचा इतिहास शोधत बसलो. त्यात जे सापडलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी सिनेमा कुठे झाला ते. मुंबईत मालाडला 'बॉम्बे टॉकीज' नावाचा स्टुडिओ होता. १९३४ साली हिमांशु राय आणि त्यांची पत्नी देविका राणी यांनी तो उभा केला. १९४० मध्ये हिमांशु राय वारले, आणि एवढा मोठा कारखाना चालवायची जबाबदारी देविका राणींवर आली. पडद्यावर नायिका म्हणून काम केलेली बाई पगारपत्रकं बघायची, नवे नट निवडायची. दिलीपकुमार पहिल्यांदा सिनेमात आले ते याच स्टुडिओच्या 'ज्वार भाटा'मध्ये, १९४४ साली. पुढे सरकारने दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान देविका राणींनाच मिळाला.

याच स्टुडिओत सरस्वती देवी नावाच्या संगीतकार होत्या. १९३६ च्या 'अछूत कन्या'चं संगीत त्यांचं. पण सरस्वती देवी हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्या पारशी होत्या, नाव खुर्शीद होमजी. आपल्या समाजातली मुलगी सिनेमात काम करते याला समाजातल्या लोकांनी विरोध केला, म्हणून नाव बदलावं लागलं. हे लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट नावाचीच आहे.

देविका राणी १९४५ मध्ये स्टुडिओ सोडून गेल्या. त्यानंतर अशोककुमार आणि सावक वाच्छा यांनी तो चालवला आणि त्यांच्या काळात 'महल' तयार झाला. दिग्दर्शक कमाल अमरोही. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच सिनेमा. कॅमेरा सांभाळला जोसेफ विर्शिंग या जर्मन माणसाने. तो स्टुडिओच्या सुरुवातीच्या दिवसांपासून मुंबईत होता. सिनेमात जो अंधार आहे, हलणारं झुंबर आहे, जिन्यावरून चढणारी सावली आहे, ती सगळी त्याची करामत. रक्त नाही, किंचाळ्या नाहीत. तरीही आमच्यातल्या दोघी मध्येच उठून दाराची कडी लावून आल्या.

आता गोष्ट ऐका. अलाहाबादजवळ यमुनेच्या काठी एक ओसाड महाल आहे. सरकारी लिलावात तो एका श्रीमंत घराने घेतलाय. त्या घरचा मुलगा शंकर, म्हणजे अशोककुमार, रात्री तिथे राहायला येतो. महालाची राखण करणारा म्हातारा माळी त्याला जुनी कथा सांगतो. हा महाल ज्याने बांधला त्याचं कामिनी नावाच्या बाईवर प्रेम होतं. ती रोज रात्री त्याची वाट बघायची, तो मध्यरात्री होडीतून यायचा आणि पहाटेच्या आत परत जायचा. एका वादळी रात्री होडी बुडाली. मरताना तो ओरडून सांगून गेला, की मी परत येईन. पुढे कामिनीही गेली.

शंकर भिंतीवरचा त्या मालकाचा फोटो बघतो, तर तो हुबेहूब स्वतःसारखा. मग रात्री गाणं ऐकू येतं. झोपाळ्यावर एक तरुणी दिसते, जवळ गेलं की नाहीशी होते. ती मधुबाला. शंकरला वाटतं, आपणच मागच्या जन्मीचा मालक आणि ही आपली कामिनी. त्याचा वकील मित्र श्रीनाथ त्याला तिथून बाहेर काढायची धडपड करतो, पण शंकरचं चित्त ठिकाणावर नाही. घरचे त्याचं लग्न लावून देतात, रंजना नावाच्या मुलीशी. तरी तो मनाने त्या महालातच राहतो.

शेवटी कोर्टात सगळं बाहेर येतं. महालात भूत नव्हतंच. ती माळ्याची मुलगी होती. तिचं नाव आशा. लहानपणापासून त्या आवारात वाढली, कामिनीची कथा ऐकत मोठी झाली. मोठ्या घरचा मुलगा माळ्याच्या मुलीकडे बघणार नाही, पण मेलेल्या कामिनीच्या मागे वेडा होईल, हे तिला कळलं होतं. म्हणून ती कामिनी झाली.

इथे आमच्या सतरंजीवर एकदम गलका झाला. वयाने सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, "मी मगाधरनं म्हन्तेय, ती पोरगी जिती हाय. भुताला फुलांच्या परड्या कोन भरतंय?" दुसरी म्हणाली, "पण फसवलं ना तिने." तिसरी म्हणाली, "फसवलं खरं. पण ती खऱ्या नावाने समोर आली असती तर त्याने तिला ओसरीवर तरी बसवलं असतं का?" बराच वेळ सिनेमा थांबवून आम्ही यावरच बोलत होतो. आशाने केलं ते बरोबर, असं कुणीच म्हटलं नाही. तिच्या वागण्याने एका बाईचा जीव गेला. पण तिला भूत का व्हावं लागलं, हा प्रश्न आमच्या बायांनी सोडला नाही.

तो काळ कसा होता, हेही बघायला हवं. १९४९ म्हणजे स्वातंत्र्याला दोनच वर्षं झालेली. फाळणीत कोटीच्या वर माणसं इकडची तिकडे आणि तिकडची इकडे गेली होती. कितीतरी घरं दिवा, भांडी, पाळणा होता तसा टाकून रिकामी झाली होती. रिकाम्या घरात आधी कोण राहत होतं, ते परत येतील का, हा विचार त्या वेळच्या प्रेक्षकाला नवा नव्हता. उत्तर प्रदेशात जमीनदारी मोडण्याची चर्चा जोरात होती, १९५० सालच्या कायद्याने ती मोडलीही. मोठमोठ्या हवेल्यांचे खांब पडायला लागले होते. लिलावात विकलेला, कुणी राहत नसलेला महाल हे त्या दिवसांचं खरं चित्र होतं.

आपल्याकडेही हेच झालं. १९४८ मध्ये मुंबई राज्यात कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानलं गेलं. कुळांच्या घरी पहिल्यांदा स्वतःच्या जमिनीचं पीक आलं, ही मोठी गोष्ट होती. दुसरीकडे, ज्यांचा सगळा कारभार खंडावर चालायचा ती घरं शहराकडे गेली आणि मागे वाडे राहिले. आपल्या प्रत्येक मोठ्या गावात असा एखादा वाडा असतो. कुलूप गंजतं, पिंपळ भिंतीत शिरतो, वटवाघळं येतात, रात्री वासे वाजतात. मग गाव त्यात भूत बसवतं. आमच्या वाड्यातला बांगड्यांचा आवाजही पुढे सापडला. माजघराच्या खिडकीला जुन्या पडद्याच्या कड्या राहिल्या होत्या. दिवाळीच्या सुमाराला वारा फिरला की त्या गजावर आपटायच्या. पांढरं लुगडं मात्र सापडलं नाही, ते आम्ही उगाच सापडलं म्हणणार नाही.

आता रंजनाबद्दल. सिनेमाबद्दल बोलताना लोक मधुबालाचं रूप आठवतात, रंजनाचं नाव कुणाच्या तोंडी नसतं. पण आमच्या बायांना सगळ्यात भीती वाटली ती तिच्या भागात. लग्न करून आणलेली बायको. नवरा बोलत नाही, बघत नाही. दूर, ओसाड जागी नेऊन ठेवतो, जिथे साप आणि वटवाघळं आहेत. दोन वर्षं ती वाट बघते. नवऱ्याच्या मनात दुसरीच कुणी आहे हे कळल्यावर ती विष घेते, आणि मरताना पोलिसांना सांगते की नवऱ्यानेच मला विष दिलं. शंकरला फाशीची शिक्षा होते. पुढे तिचं एक पत्र सापडतं, त्यातून खरं काय ते कळतं, शिक्षा टळते. पण तोवर उशीर झालेला असतो. आशाचं लग्न शंकरच्याच सांगण्यावरून श्रीनाथशी झालेलं असतं आणि शंकर मरून जातो. तिघांचंही वाटोळं.

बैठकीतली एक वहिनी म्हणाली, "भूत महालात नव्हतं. रंजनाच्या संसारात होतं." आम्हाला ते पटलं. मैत्रिणींनो, ऐकणाऱ्यांत कुणी रंजनासारखी अडकलेली असेल तर विषाच्या बाटलीकडे हात जायच्या आधी फोनकडे जाऊ द्या. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे. मनावर ताण असेल तर १४४१६ या नंबरवर टेलिमानसची माणसं बोलतात. दोन्हीला पैसे पडत नाहीत. आणि त्याच्याही आधी गटातल्या एकीला तरी सांगा.

आता या गोष्टीतला आमचा सगळ्यात आवडता भाग, कारण त्यात रेडिओ आहे. महालात ती बाई जे गाणं गाते ते 'आएगा आनेवाला'. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. गाणं सुरू होतं तेव्हा आवाज खूप लांबून येतो असं वाटतं, मग तो जवळ जवळ येत जातो. आज हे मशीनवर एक बटण फिरवून करता येतं. तेव्हा तशी सोय नव्हती. मग काय केलं? माइक खोलीच्या मधोमध ठेवला आणि गाणारी मुलगी खोलीच्या कोपऱ्यात उभी राहिली. पहिल्या ओळी गात गात ती हळूहळू पावलं टाकत माइकपर्यंत आली. चालताना श्वास लागू द्यायचा नाही, सूर हलू द्यायचा नाही, आणि नेमक्या जागी नेमक्या शब्दाला पोचायचं. डोक्यावर हंडा घेऊन बांधावरून चालणाऱ्यांना यातली मेहनत वेगळी सांगायला नको.

ती मुलगी होती लता मंगेशकर. वय विशीच्या उंबरठ्यावर. वडील, मास्टर दीनानाथ, १९४२ मध्ये गेले तेव्हा ती तेरा वर्षांचीही नव्हती. मागे आई आणि चार लहान भावंडं. घर चालवायला तिने सिनेमात छोटी कामं केली, मराठी सिनेमांतून गायली, मास्टर विनायकांच्या कंपनीबरोबर कोल्हापूरहून मुंबईला आली. मुंबईत एका बड्या निर्मात्याने तिचा आवाज फार पातळ आहे म्हणून नाकारलाही होता. संगीतकार गुलाम हैदर यांनी मात्र विश्वास ठेवून १९४८ च्या 'मजबूर'मध्ये तिला गायला लावलं. त्यानंतर वर्षभराने 'महल'.

सिनेमा लागला, गाणं गाजलं. पण तबकडीवर गाणारीचं नाव काय छापलं होतं? 'कामिनी'. म्हणजे सिनेमातल्या भुताचं नाव! त्या काळी अशीच पद्धत होती. रेकॉर्डवर बहुतेक वेळा पात्राचं नाव यायचं, गळा कुणाचा ते कुणी लिहायचं नाही. आता बघा, सिनेमात आशा नावाची जिवंत मुलगी कामिनी म्हणून ओळखली जाते आणि बाहेर लता नावाची जिवंत मुलगीही कामिनी म्हणूनच. पडद्यावरच्या नटीचंही तसंच. मधुबालाचं घरचं नाव मुमताज. ती आठ-नऊ वर्षांची असताना याच स्टुडिओच्या 'बसंत'मध्ये, १९४२ साली, 'बेबी मुमताज' म्हणून दिसली होती. 'महल' आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिच्याही कमाईवर मोठं कुटुंब चालायचं.

पण रेडिओवर गाणं वाजायला लागलं आणि लोकांची पत्रं यायला लागली. ही गाणारी कोण? नाव सांगा. इतकी पत्रं आली, की रेडिओवाल्यांना रेकॉर्ड कंपनीकडे विचारणा करावी लागली. मग रेडिओवर नाव जाहीर झालं. लतादीदींनी स्वतः मुलाखतींतून ही आठवण सांगितली आहे. मैत्रिणींनो, नाव छापायची पद्धत बदलायला सुरुवात झाली ती पत्र टाकणाऱ्या साध्या माणसांमुळे. 'कोण गातंय?' एवढंच त्यांनी विचारलं. आपल्या केंद्राला तुम्ही पत्रं आणि फोन करता तेव्हा ही गोष्ट आठवा.

त्यानंतर लतादीदींनी आपलं नाव रेकॉर्डवर यावं म्हणून आग्रह धरला आणि ते यायला लागलं. पुढची पायरी पुरस्काराची. फिल्मफेअरचा पुरस्कार संगीतकाराला मिळायचा, गाणाऱ्यांना नाही. 'चोरी चोरी'च्या संगीताला पुरस्कार मिळाला तेव्हा समारंभात गाणं म्हणायला लतादीदींना बोलावलं. त्यांनी नाही म्हटलं. गाणाऱ्यांसाठी पुरस्कारच नाही, मग गाणारीने येऊन का गावं? पुढे १९५९ मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. सिनेमा होता बिमल रॉय यांचा 'मधुमती'. गंमत म्हणजे त्यातही पावसाळी रात्र आहे, जुनी हवेली आहे, मागचा जन्म आहे आणि अन्यायाने मेलेली एक रानातली मुलगी आहे. ती परत येते, आणि तिचा घात करणाऱ्या जमीनदाराला गुन्हा कबूल करावा लागतो. पुढे १९६२ च्या 'बीस साल बाद'मधल्या अशाच गूढ गाण्यासाठीही त्यांना पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास गाणाऱ्यांना रॉयल्टी, म्हणजे गाणं विकलं जाईल तसा वाटा मिळावा, म्हणूनही त्या भांडल्या. आधी नाव, मग मान, मग वाटा. आपल्या गटातही हाच क्रम असतो. आधी सही शिकतो, मग ग्रामसभेत बोलतो, मग सातबाऱ्यावर नाव मागतो.

'महल'नंतर असे कितीतरी सिनेमे आले, ज्यात पांढऱ्या साडीतली बाई रात्री गाते आणि शेवटी कळतं की ती जिवंत आहे. १९६४ च्या 'वह कौन थी'मध्ये तर सगळं भुताटकीचं नाटक इस्टेट लाटण्यासाठी रचलेलं असतं. तेव्हा कुठे भूत आहे असं कानावर आलं, की आमची एक काकू आता विचारते, "ती जागा कुणाला पायजे?" प्रत्येक वेळी डाव असतोच असं नाही. पण प्रश्न विचारायला हरकत नसते.

आता आमच्या वाड्याकडे परत येऊ. सिनेमा संपला, शेंगांची टरफलं गोळा करत होतो. ज्या आजी 'पोरगी जिती हाय' म्हणाल्या होत्या त्या बसूनच राहिल्या. मग म्हणाल्या, "वाड्यातली धाकटी वहिनी मला ठावं हाय. आमी बरोबरीच्या. ती वाड्यातनं ताक द्यायची मला, मागच्या दारानं." आजींनी सांगितलं ते असं. ती अठरा-एकोणीस वर्षांची होती. पहिलं बाळंतपण, पावसाळ्याचे दिवस. मूल झालं, पण अंगावरून रक्त जायचं थांबेना. तालुक्याला न्यायला बैलगाडी जुंपली, तर ओढ्याला पाणी आलेलं. गाडी पलीकडे गेलीच नाही. ती गाडीतच गेली. आणि बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, असं आपल्याकडे म्हणायची रीत. म्हणून गावाने तिला भूत केलं. तिला मुलगा झाला की मुलगी, ते बाळ जगलं का, हे कुणाच्या लक्षात नाही. तिचं नावही कुणाच्या लक्षात नव्हतं. आजींच्या मात्र होतं.

आम्ही गप्प बसलो. हडळ म्हणून जिला घाबरलो ती रक्तस्रावाने गेलेली एक पोर होती. तिला उताऱ्याची गरज नव्हती. तिला ओढ्यावर पूल हवा होता, दवाखाना हवा होता, १०८ नंबरची गाडी हवी होती. आज आपल्याकडे ती गाडी आहे. आशाताई आहेत. तरी सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन तपासायला किती जणी स्वतःहून जातात? हा प्रश्न त्या रात्री आम्ही एकमेकींना विचारला. उत्तर बरं नव्हतं.

पुढच्या बैठकीत पैशाचा विषय आला. आम्ही जादूटोणाविरोधी कायद्याचीही माहिती दिली. महाराष्ट्राने २०१३ मध्ये हा कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला मारहाण करणं, भुताची भीती घालून लुबाडणं हा त्याखाली गुन्हा आहे. पण खरं सांगायचं तर निर्णय कायद्याने झाला नाही, आजींच्या बोलण्याने झाला. पाच हजार बचतीतच राहिले. त्याऐवजी माजघरात एक दिवा बसवला, खिडकीच्या कड्या काढल्या, आणि येताजाता दोघी दोघींनी यायचं ठरलं. दोन जणी अजूनही रात्री येत नाहीत, त्या दिवसा मिरच्यांचे देठ काढतात आणि त्यांना त्याची मजुरी मिळते. ऑर्डर पाच दिवस उशिरा गेली. गिऱ्हाईक थोडं कुरकुरलं, पण माल घेतला.

धाकट्या वहिनींचं नाव आम्ही इथे घेत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना अजून विचारायचं आहे. पण आमच्या कामाच्या खोलीत ज्या फळ्यावर रोजची हजेरी लिहितो, त्याच्या वर एका कोपऱ्यात ते आजींच्या सांगण्यावरून लिहिलं आहे. नवीन आलेली एखादी विचारते, "ही कोण? कामाला येते का?" मग आम्ही तिला गोष्ट सांगतो.

जाता जाता एक सांगतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं आहे. जन्माचा दाखला काढताना ते नीट लिहिलंय ना, बघून घ्या. घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का, तेही ग्रामपंचायतीत जाऊन एकदा बघा. आणि तुमच्या गावातही एखादी जागा असेल, जिथे अमकी बाई दिसते म्हणतात, तर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे जाऊन विचारा. ती कोण होती, कशाने गेली, तिचं नाव काय होतं? कळलं तर आम्हाला पत्राने कळवा. घरच्यांची हरकत नसेल, तर ते नाव आपण इथून वाचू.

पुढच्या वेळी गटाच्या अंतर्गत कर्जाचा हिशेब घेऊन बोलू. तोवर नमस्कार.